पायी जाण्याइतकं अंतर

"म्हणजे एक गाणं गुणगुणेपर्यंत ठमी या घरातून त्या घरात!" लेक टाळी वाजवून म्हणाला, आणि आजीच्या मस्तकात तिडीक गेली.

रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीशी सगळे उभे होते. नव्या रंगाचा वास घशात बसत होता. खाली रुंद फुटपाथ, दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यावर बेकरी, पलीकडे वाचनालय, मधोमध शाळा. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ती पिवळी इमारत. तिथला फ्लॅट सूनबाईंनी सकाळीच पसंत केला होता. नवराबायको वेगळे होणार, हे ठरून चुकलं होतं. हा फ्लॅट त्याचा, तो तिचा. ठमी एक आठवडा बापाकडे, एक आठवडा आईकडे. दर रविवारी पोरीनं आपली बॅग पाठीला लावायची आणि चालू लागायचं.

"गाडी नको, बस नको," एजंट कौतुकानं सांगत होता. "या भागात सगळं पायी. मुलीला एकटीला सोडा, बिनधास्त!"

"ओटा मोठा आहे," सून त्यावरून हात फिरवत म्हणाली. "निदान इथे तरी कुणीतरी स्वतःचा कप विसळेल."

"विसळीन की. शांतपणे विसळू दिला तर."

एजंट खोकला आणि गॅलरी बघायला निघून गेला.

ठमी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली होती. "बाबा, माझी रंगपेटी कुठल्या घरात राहणार?"

"दोन घेऊ, राणी. दोन्हीकडे एकेक."

"आणि मनी? मांजरंपण दोन घेणार?"

बापानं खिशातून फोन काढला आणि उगाचच त्यात बघत राहिला. आईला नळ सोडून पाहायची घाई झाली.

आजी आतून नुसती धुमसत होती. आईमागोमाग तिचे वडीलही गेले तेव्हा ती ठमीएवढीच होती. काका आणि मामांनी तिला वाटून घेतलं, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. माणसं वाईट नव्हती. दोन्हीकडे पोटभर वाढत आणि दोन्हीकडे प्रेमानंच विचारत, "आता जायचं कधी?" थंडी पडली की शाल नेमकी दुसऱ्या घरी राहिलेली असायची. फ्रॉक खुंटीला अडकवायची तिला सवयच लागली नाही. तो ट्रंकेतून निघायचा आणि ट्रंकेतच जायचा. लग्नानंतरही कित्येक वर्षं ती उशाशी पिशवी भरून ठेवायची. नवरा हसायचा. तिला कधी हसू आलं नाही.

"मग दोन्ही पक्के धरू ना?" एजंट दारातून डोकावला.

"थांबा हो जरा!" आजीचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला. तिनं तो खाली आणला नाही. "रस्ता एवढा सुरेख आहे ना? झाडं आहेत, सावली आहे? मग तुम्हीच चाला."

"म्हणजे?" लेकाला कळेना.

"म्हणजे पोर हलणार नाही. ती एकाच घरात राहील, मांजरासकट. बॅगा तुम्ही भरायच्या. एक आठवडा तू तिच्याजवळ, एक आठवडा सूनबाई. रविवार आला की ज्याची पाळी संपली, त्यानं निघायचं त्या पिवळ्या इमारतीत. पटत नाही ते तुमचं एकमेकांशी. तिनं कुणाशी भांडण केलंय?"

वर्षभरात एकाही गोष्टीवर ज्यांचं एकमत झालं नव्हतं, ते दोघं एकदम उसळले.

"काहीतरीच काय, आई!" सून म्हणाली. "दर आठवड्याला बोचकं उचलून या घरातून त्या घरात? वेड लागेल एखाद्याला!"

"बरोबर बोलतेय ती," लेक ओरडला. "अगं, माणसाला आपलं म्हणून एक घर लागतं की नाही?"

"लागतं," ठमी म्हणाली.