सोफ्यासमोरचा बाण

नोकरीसाठी दूरच्या शहरात जाताना लेकीने घरचा कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडून दिला. सिनेमे, गाणी, जुने फोटो, सगळं त्यातच. तेव्हापासून संध्याकाळी आईचा फोन ठरलेला.

"अगं, आज पुन्हा आवाजच येत नाहीये."

"थांब, बघते इथून."

मग टीव्हीवर माउसचा पांढरा बाण आपोआप हलू लागे. आई पाय वर घेऊन सोफ्यावर बसे आणि त्याच्याकडे बघत राही. संथ पाण्यात मासोळी फिरावी तसा तो पडदाभर फिरे, आवाज सुरू करे, एखादं गाणं लावे, आणि काम झालं तरी रेंगाळे. लेक निघताना दारात चपला घालून गप्पा मारत उभी राहायची, अगदी तस्सा.

एकदा सिनेमा बघता बघता आईचा डोळा लागला आणि फोन राहूनच गेला. जाग आली तेव्हा आवाज कुणीतरी अगदी हळू केला होता. बाण पडद्याच्या कोपऱ्यात गुपचूप बसला होता. त्याला बघून आईने विस्कटलेले केस सारखे केले. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आज आवाज बंद करायला विसरलीस का गं?"