कुठलं कामस मोर?

"गावाचं नाव सांगा, मॅडम."

"कामस मोर," मर्डीना तिसऱ्यांदा म्हणाली.

फोनवरची मुलगी मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा शहरात बसली होती आणि अतिशय नम्र होती. "बेटांवर तीन कामस मोर दिसतायत. आपलं कुठलं?"

बेटावरच्या गेलिक भाषेत कामस मोर म्हणजे मोठी खाडी. आपली खाडी लहान आहे असं कुठल्या गावाला वाटतं? मर्डीनाने खिडकीतून खाली पाहिलं. होड्या ओढायच्या दगडी उताराच्या अगदी खालच्या टोकाला, शेवाळात, तिचा नवरा लाखलन उताणा पडला होता. उधाणाची ओहोटी होती. एवढं पाणी वर्षातून चार-दोनदाच मागे जातं, तेव्हा खडकात अडकलेली जुनी साखळी सोडवून घेतो म्हणून तो उतरला आणि घसरला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. पाणी आता परत फिरून वर चढायला लागलं होतं.

"पूर्वेकडचं," मर्डीना म्हणाली.

"जवळ एखादं दुकान, पेट्रोल पंप?"

"दुकान अकरा मैलांवर."

"रस्त्याचं नाव?"

"रस्ता एकच आहे, बाई. त्याला नाव कशाला?"

"शेजारी कुणी मदतीला?"

"सात घरं आहेत. चार घरांचे मालक फक्त उन्हाळ्यात येतात. बाकीचे मयतीला गेलेत."

"काळजी करू नका, ॲम्ब्युलन्स निघाली आहे."

"कुठं निघाली आहे?"

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "कामस मोरला."

"अगं, पण कुठल्या?"

"तपासून सांगते, मॅडम. लाईनवर राहा."

मर्डीनाने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि ती खाली धावली.

"काय म्हणाली?" लाखलनने विचारलं.

"पेट्रोल पंप आहे का विचारतेय."

"काळ्या खडकाच्या अलीकडे, असं सांगायचं."

"तिला काळा खडक ठाऊक असता तर हे रडगाणं कशाला झालं असतं? सकाळी म्हणत होते, मयतीला चल. आत्ता कोट घालून चर्चमध्ये बसला असतास."

"हेच काढ आत्ता."

तिने त्याच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. तो असा ओरडला की खडकावरचे पक्षी उडाले. होता तिथून तसूभरही हलला नाही. मर्डीना एकसष्ट वर्षांची आणि अंगाने काडी. लाखलन तिच्या दुप्पट.

लाखलनने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. "अर्ध्या तासात इथं येईल," तो शांतपणे म्हणाला. "तू वर जा."

"वर जाऊन काय करू?"

"इथं बघत उभी राहू नकोस, एवढंच."

"तू ना," मर्डीना म्हणाली, "मरतानासुद्धा माझ्यावर काम सोपवून मोकळा होशील." आणि खरंच वर गेली.

तिने हातोडीने गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्या ठोकून काढल्या आणि दार फरपटत खाली आणलं. कुंपणाला टांगलेले, जाळं तरंगतं ठेवणारे सहा नारिंगी बोये आणून दोन्ही कडांना घट्ट बांधले. मग आधी खांदा, मग कंबर, असं करत ते दार त्याच्याखाली सारलं. लाखलनने तोंडातून जे शब्द काढले, ते एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने ऐकले नव्हते. रविवारी चर्चमध्ये स्तोत्रांची पहिली ओळ तोच गातो.

"हे काय चाललंय तुझं?"

"मला उचलवत नाहीस. त्याला उचलू दे." तिने पाण्याकडे मान उडवली, लाखलनला दाराशी बांधलं आणि दाराच्या पुढच्या कडीत दोरी ओवली.

पाणी त्याच्या टाचेला लागलं, मग पाठीखाली शिरलं. दार जागचं हललं नाही. त्याचे दात वाजायला लागले.

"उचलत नाहीये, मर्डीना."

"थांब."

"पाणी मानेपाशी आलंय."

"लाखलन, प्रत्येक गोष्टीला मी तुझी वाट बघत आलेय. जेवायला, झोपायला, चर्चला निघायला. दहा मिनिटं तू समुद्राची बघ."

मग दाराचा एक कोपरा डुचमळला. मागून दुसरा. एक लाट आली आणि सगळं दार, त्याच्यावरच्या माणसासकट, खडकावरून सुटलं. मर्डीना कमरेएवढ्या पाण्यात होती. लाट आली की ती दोन पावलं मागे सरकून ओढायची. लाट परतली की पाय रोवून नुसती धरून ठेवायची. घसरली, गुडघा फुटला, उठली. घरात टेबलावर ती मुलगी अजून "मॅडम, मॅडम" करत असेल, हे तिला मधेच आठवलं आणि तिने तिला एक शिवी दिली. गेलिकमध्ये, कारण इंग्रजीत तशी नाही.

ॲम्ब्युलन्स दीड तासाने आली. आधी उत्तरेच्या कामस मोरला जाऊन आली होती. दार तोवर उतारावर बरंच वर येऊन टेकलं होतं. गाडीतून उतरलेली शीना नावाची उंच, तरुण पॅरामेडिक लाखलनच्या पायाला फळ्या बांधता बांधता गेलिकमध्येच बोलली. "यांना वर कुणी आणलं?"

लाखलनचे ओठ निळे पडले होते. "भरतीनं," तो म्हणाला.

"हो, भरतीनं," मर्डीना म्हणाली. "मी नुसतीच उभी होते."

ड्रायव्हरने आणि शीनाने लाखलनला सोडवून स्ट्रेचरवर घेतलं, गाडीत चढवलं. मर्डीना दारापाशीच उभी होती.

"चला, तुम्हीही बसा," शीना म्हणाली. "ती दोरी सोडा आता."

"केव्हाच सोडली," मर्डीना चिडून म्हणाली.

शीनाने खाली पाहिलं. मग तिने मर्डीनाची मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट उलगडायला लागली.