तिघांसाठी एकच वेळ

“तुम्ही दोघं या. तिसऱ्याचं नंतर बघू,” असं म्हणून पलीकडच्या समुपदेशकाने फोन ठेवला. इकडे त्याने आपल्या यादीतल्या चौथ्या नावावर काट मारली.

दुपारची सुट्टी होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागे नजर तपासायची अंधारी खोली होती. समोरच्या भिंतीवर, उजेडाच्या पेटीत, अक्षरं उतरत्या भाजणीने लहान होत गेलेली. दिवसभर इथे बसून तो लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवी आणि विचारी, “ही बरी की ही?” गेले चार दिवस लोक त्याला तेच विचारत होते. हा की तो? एक काहीतरी धरा.

पहिल्या दवाखान्याच्या अर्जात जोडीदाराच्या नावासाठी एकच रकाना होता. दुसऱ्या बाईंनी आवाज मऊ करून सांगितलं, यातून बाहेर पडता येतं. जणू व्यसनच होतं. तिसऱ्याने कोण कुठल्या खोलीत झोपतं ते विचारलं, तेव्हा त्याचे कान तापले आणि त्याने फोन ठेवून दिला.

यादी मिळाली होती ती अशाच, दोघांहून जास्त जणांच्या नात्यांत राहणाऱ्या लोकांच्या एका मंडळाकडून. तिथल्या बाई खमक्या होत्या. “आधी एकच विचारा,” त्या म्हणाल्या होत्या, “नात्यालाच दुखणं समजता, की नात्यात काय दुखतंय ते ऐकता? समोरचा अडखळला की समजून जा.”

दार किलकिलं झालं. काउंटरवरच्या मावशी डोकावल्या. “बाळा, डबा उघडलेलाही नाहीस. बोलून पोट भरतं होय?” मावशींच्या लेखी साठीचा मालकसुद्धा बाळच होता.

“आलोच, मावशी. एकच फोन राहिलाय.”

“कालही एकच राहिला होता,” म्हणत त्यांनी दार लोटून घेतलं.

आज गुरुवार. रविवारी मास्तर घर सोडणार होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी खोली बघितली होती. किल्लीही आली होती. घरात भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान आवाज असतो. इथे प्रत्येक जण दुसऱ्याला जपत होता, आणि त्या जपण्याखाली घर दबून गेलं होतं.

सकाळीच मास्तरांनी त्याला आरशासमोर उभं केलं होतं. कोट कच्च्या टाक्यांवर होता. त्याच्या अंगाची मापं मास्तरांना तोंडपाठ होती. टेप गळ्यात असायची ती सवयीने.

“हात वर कर. पोट आत घेऊ नकोस, कोटाला फसवून काय मिळणार?”

“एवढी घाई कशाला, मास्तर?”

“रविवारच्या आत संपवायचाय. माझ्या हातचं काम दुसऱ्याने पुरं केलेलं मला चालत नाही.”

“ती काल जेवली नाही.”

मास्तरांनी खांद्यावरची टाचणी काढली, पुन्हा तिथेच लावली. “जेवेल. माणसाला सवय होते.”

‘राहा’ हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिथूनच परतला. पुष्कळ वर्षं तो शब्द लागलाच नव्हता. न लागणारे शब्द ऐन वेळी सापडत नाहीत.

त्याने पाचवा क्रमांक लावला. एका बाईंनी उचलला. त्याने मंडळाने शिकवलेला प्रश्न विचारला.

“काय दुखतंय ते ऐकते,” बाई लगेच म्हणाल्या. “सांगा. किती जणांचं नातं?”

“तिघांचं. दोन पुरुष, एक बाई.”

“किती वर्षं?”

“अठ्ठावीस.”

“बाप रे! माझ्याकडे येणारी सरळ दोघांची लग्नंसुद्धा इतकी टिकलेली नसतात,” त्या हसल्या. त्यालाही चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “मग आता काय झालं?”

“एक जण घर सोडतोय. मास्तर म्हणतो आम्ही त्यांना. इतकी वर्षं लोकांनी विचारलं नाही, आणि घरातून कुणी सांगितलं नाही. आता घरी अशी माणसं येणार आहेत, जी विचारतील. मास्तर म्हणतात, माझ्यापायी कुणाची मान खाली जायला नको.”

“आणि बाकीचे?”

“गप्प. धरून ठेवलं तर मास्तरांना ओशाळं वाटेल, म्हणून गप्प.”

“तुम्ही त्यांना राहा म्हणालात?”

“नाही.”

“का?”

समोरच्या पेटीतली शेवटची ओळ त्याला इथूनही स्पष्ट दिसत होती. “मी म्हटलं तर ते राहतील. पण मग माझ्यावर उपकार म्हणून राहतील. आपलं घर आहे म्हणून नाही.”

कागद उलटल्याचा आवाज आला. “शनिवारी सकाळी अकरा. तिघं एकत्रच या. कुणी कुणाला सोडायचं हे मी ठरवणार नाही. फक्त जे मनात आहे ते एकमेकांसमोर बोलायचं. तिघं येतील?”

“आणायचं माझ्याकडे लागलं.”

“छान. नोंद करून ठेवते.” त्यांचं पेन थांबलं. “तुम्ही यांतले कोण? बाईंचे यजमान?”

“नाही, मी त्या तिघांचा मुलगा,” तो म्हणाला. “घरी येणार आहेत ना, ती माणसं माझ्या होणाऱ्या सासरची.”