शिडीवाल्याचा जन्म

१९७२ सालचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. महिना संपायला तीन दिवस असताना रफूवाली वर्तमानपत्राच्या कचेरीचा जिना चढून आली. तारीखबाई तेव्हा खणातल्या कार्डांवरची धूळ झटकत होत्या.

तारीखबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात रोज ‘आजच्या दिवशी’ म्हणून चार ओळी येत: कोण जन्मलं, कोण वारलं, कुठला तह झाला. त्या ओळी जमवायचं काम त्यांचं. तीनशे सहासष्ट तारखांची तीनशे सहासष्ट कार्डं. कुणाचा वाढदिवस आला की तो आदल्या दिवशी हळूच येऊन, आपल्या बरोबरीला कोण थोर जन्मलंय ते विचारून जाई. कार्डावर नाही ते तारीखबाई बोलायच्या नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

रफूवाली चार वर्षांपूर्वीही येऊन गेली होती. बत्तीस साली एकोणतीस फेब्रुवारीला गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. तिसरा मजला. बायका कामावरून मधेच उठू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी. आत नऊ जणी, त्यांत तिची थोरली बहीण. खाली माणसं जमली होती, पण त्यांची शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचत होती. एवढं सांगून तिने नऊ नावांचा कागद पुढे केला होता. तारीखबाईंनी तो वाचला, ठेवून घेतला आणि चष्म्यावरून बघत सांगितलं होतं की छापील पुरावा आणा, आम्ही उगाच काहीही छापत नाही.

आता ती खुर्चीच्या कडेवर टेकली. बाहीला पांढरा दोरा चिकटलेला होता. पुरावा काही मिळाला नाही, म्हणाली. चार वर्षं दर सुट्टीला वाचनालयात बसले, तिथल्या माणसाला मी परीक्षेला बसणार आहे असंच वाटतंय. मग तिने पिशवीतून एक कात्रण काढलं. घड्यांवर विरलेलं होतं, म्हणून तिने त्याला मागून मलमल लावली होती. चार वर्षांपूर्वीच्या एकोणतीस तारखेचं ‘आजच्या दिवशी’. तिचं बोट चौथ्या ओळीवर होतं.

‘१८०८ : घडीच्या शिडीचा शोध लावणाऱ्या कारागिराचा जन्म.’

“हे वाचून मला बरं वाटलं होतं, बाई. आमच्याच तारखेचा माणूस. म्हणून मग त्याचंही शोधलं. कुठल्याच पुस्तकात नाही हो.”

तारीखबाईंचे कान तापले. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, तिचं कार्ड मुळातच रोडावलेलं. नोंदी तीनच. त्या दिवशी चौथी ओळ काही केल्या मिळेना, छापखान्यातला जुळारी दारात खोळंबलेला, आणि रफूवाली जिना उतरून तास झाला नव्हता. त्यांनी एक ओळ लिहून दिली होती. शिडीच का सुचली, हे त्यांना आज कळत होतं.

रफूवालीच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

“त्याचं कुठे सापडत नाही, तरी छापून आलंच ना? मग आमचं आलं तर चालेल का?”

चालेल, असं तारीखबाई म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी माळ्यावर चढून बत्तीस सालचे बांधीव अंक खाली काढले. माळ्याला आठ पायऱ्या होत्या. हे चार वर्षांपूर्वीही करता आलं असतं. एक मार्चच्या अंकात आगीबद्दल अक्षर नव्हतं. तिसऱ्या पानावर कारखान्याची एक चौकट होती: काही अडचणींमुळे गाद्या आठ दिवस उशिरा पोचतील, गिऱ्हाइकांनी राग मानू नये.

त्यांनी आगीची ओळ लिहिली, शिडीवाल्यावर काट मारली आणि कागद संपादकांपुढे ठेवला. सोबत ती चौकटही. संपादक भला माणूस. त्यांनी दोन्ही सावकाश वाचलं. हे गाद्या उशिरा पोचण्याबद्दल आहे, आगीबद्दल नाही, म्हणाले. मग काट मारलेल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

“आणि या बिचाऱ्याला का काढलंत?”

याला मीच जन्माला घातलं, एवढंच सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. दार उघडं होतं, पलीकडे सगळी कचेरी बसली होती.

“खात्री करून घ्यावी म्हटलं,” तारीखबाई म्हणाल्या.

“अहो बाई, आपल्याच अंकात आलंय की. आणखी कसली खात्री?” संपादकांनी आगीची ओळ खोडली आणि शिडीवाल्यासमोर लिहिलं, ‘राहू द्या’.

संपादक पुढे निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी तारीखबाईंच्या कार्डांचं भरभरून कौतुक केलं. रफूवाली शहात्तर साली आली नाही, ऐंशीलाही नाही. वाचनालयातला माणूस तिची खुर्ची बरेच दिवस राखून होता म्हणतात. तारीखबाईंनी नोकरी सोडताना नऊ नावांचा कागद एकोणतीस फेब्रुवारीच्या कार्डाला टाचून ठेवला होता. नव्या बाईंनी तो, तुमचं काहीतरी खासगी राहिलं होतं, असं म्हणून पाकिटात घालून घरी पाठवला. तो अजून त्यांच्याकडे आहे.

शिडीवाला दर चार वर्षांनी येतो. दुसऱ्या वर्तमानपत्रांनी त्याला उचललं, शाळांतून फळ्यावर लिहितात. गेल्या खेपेला कुणीतरी त्याला गावही दिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की त्याच्या शिडीमुळे आगीतून कित्येकांचे प्राण वाचले.