गोधडीवरच्या नद्या

आईने पडल्यापडल्याच गोधडीवर बोटाने रेघ ओढली. "ही तापी. पूर्वेला वाहते."

"चूक. पश्चिमेला."

घरच्या शाळेचा हा नेमच होता. शिकवताना आई मुद्दाम एक चूक करायची आणि केतकीने ती पकडायची. पकडली की त्या दिवशी भांडी घासणं माफ. आजाराने आईला अंथरुणाला खिळवलं, तरी शाळा बंद पडली नव्हती.

त्या दुपारी मात्र तिने गोदावरीही अरबी समुद्रात नेऊन सोडली. पुढे कृष्णेचं नावच आठवेना. केतकी वैतागली. "एकच चूक ठरलीय ना आपली? धड शिकवायचं नसेल तर मला सरळ शाळेत घाल."

आई कशीबशी हसली. "तुझं लक्ष आहे का ते बघत होते. उद्या नर्मदा करू."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला दवाखान्यात हलवलं. ती परत आली नाही.

केतकी आता तिशी ओलांडून गेली आहे. गोधडी उन्हात घालताना तिला अजूनही आईचाच राग येतो. एवढं सोसवत नव्हतं तर या बाईने एक दिवस सुट्टी का घेतली नाही? पण दोघींच्या त्या शाळेत आईला सुट्टी द्यायला केतकीवाचून होतं तरी कोण?

तिने गोधडीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"आई, आज तू पडून राहा," ती मोठ्याने म्हणाली. "नद्या मी सांगते. चुका तू पकड."