पाठीतला अपराध

"पियूष, तू खून करून आला आहेस. पोहे खाऊन नाही," जान्हवीताई म्हणाली. देवासच्या तालमीच्या हॉलमध्ये सगळे हसले. तिच्या नव्या कंटेम्पररी डान्समध्ये पियूष खुनी होता. पकडला जात नाही, शिक्षा होत नाही, पण मन आतून खात राहतं, असा खुनी. "तुझ्या पाठीत अपराध दिसतच नाही. सोमवारपर्यंत दिसला नाही, तर रोल राजवीरला."

पियूष बीएस्सी झालेला. ज्याचा अनुभव नाही ते प्रयोग करून बघावं, असं त्याला वाटलं. खून जरा जास्त झाला असता. म्हणून त्याने शेजारच्या अलकाकाकूंच्या गच्चीवरून चिनी मातीची बरणी उचलली. आत लिंबाचं लोणचं असणार, मुरायला ठेवलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. बरणी तशीच पलंगाखाली सरकवून तो अपराधाची वाट पाहत पडला. काहीच आलं नाही. झोप मात्र छान आली.

सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "बीपीची गोळी घ्यायची अन् ऊपर से लोणचं! खाऊन बरणी कुठे लपवलीत? हद्द आहे तुमची!" ही बोलणी काकूंच्या नवऱ्याला, अरविंदकाकांना होती. शिक्षा झाली, पोह्यांवरची शेव बंद. काका दारासमोरच्या ओट्यावर बसून बिनशेवेचे पोहे मुकाट गिळत होते. ते पाहून पियूषची मान खाली गेली. आरशात पाहिलं, तर पाठसुद्धा वाकली होती.

रोल त्याच्याकडेच राहिला. धार शहरातल्या पहिल्या प्रयोगात तो असा काही कोसळला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. पडदा पडल्यावर मात्र त्याला राहवेना. देवासहून खास त्याचा नाच बघायला आलेल्या काकांचे त्याने पाय धरले.

"काका, बरणी मी चोरली. आजच काकूंना परत देतो."

काका दचकले. काकू लांब, चहाच्या टपरीशी होत्या.

"धीरे बोल, भिया! परतबिरत देऊ नकोस. फोडी मी केव्हाच संपवल्या होत्या. आत नुसतं पाणी आहे, वजनापुरतं. ते तिने पाहिलं असतं, तर पोहेसुद्धा बंद झाले असते. तू वाचवलंस मला!"

पियूषची मान सरळ झाली. पाठ ताठ झाली. छातीत इतकं हलकं वाटलं की तो घाबरला. उद्या देवासला दुसरा प्रयोग होता.

"काका," त्याने घाईघाईने विचारलं, "गच्चीवर सध्या काय वाळतंय?"