आईचा चष्मा

साथीचा ताप आला आणि मला, मुलखाच्या बडबड्या शिंप्याला, मागच्या खोलीत एकट्याला कोंडलं. घाईत चष्मा दुकानातच राहिला. आठव्या दिवशी भिंतींशीच भांडू लागलो, मग कपाट उपसलं. आईचं पवित्र शास्त्र, तिचं जुनं बायबल, हाती लागलं. आत खुणेला तिचा चष्मा, मोडकी काडी दोऱ्यानं बांधलेली. तो दोरा मीच गुंडाळला होता, लहानपणी. आई शिवण थांबवून त्यातलं मोठ्यानं वाचायची, तोवर मी सुया ओवायचो. ती गेली आणि मी प्रभूशी अबोला धरला. चष्मा सहज चढवला. अक्षरं लख्ख दिसली. तिच्या वयाला कधी पोचलो, कळलंच नव्हतं. खुणेच्या पानावर आकांताचं स्तोत्र होतं. तिच्याच सुरात वाचू लागलो. अर्ध्यावर पुढं वाचवेना, पुस्तक मिटलं. ताट घेऊन आलेली मुलगी दाराआडून म्हणाली, "बाबा, तिथं नका थांबू. आजी सांगायची, पुढच्या पानावर उजाडतं."